गाऊन म्हटलेला मंत्र

“ऋजुताच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. नियमाचं मी बघतो.”

आवाज अल्ताफचा होता. जिन्याच्या वळणापलीकडच्या अर्धवट लोटलेल्या दारातून तो आला, आणि माझं नाव ऐकून मी पायरीवर होते तिथेच थांबले. खाली त्याच्या वडिलांच्या कारखान्यात कुणीतरी तंबोऱ्याची जवारी लावत होतं. तार छेडायची, कान द्यायचा, तारेखालची घोडी जराशी घासायची, पुन्हा छेडायची. मिरजेतल्या त्या गल्लीत दिवसभर हाच झंकार असायचा. त्याच्यातूनही शब्द स्वच्छ ऐकू आले. त्यावर कुणी काय उत्तर दिलं ते मात्र ऐकू आलं नाही.

मी मुद्दाम पाय वाजवत वर गेले. खोलीत अल्ताफ होता आणि सन्मती मगदूम होता. तंबोऱ्यांसाठी वाळत टाकलेले भोपळे भिंतीशी ओळीनं बसले होते, गप्प, पोटात काहीतरी ठेवून बसल्यासारखे. सन्मतीनं पटकन फासे उचलले आणि ते आयुष्यात पहिल्यांदाच बघत असल्यासारखा निरखू लागला. अल्ताफ म्हणाला, “आलीस? बसू कुठं राहिला?” त्याच्या आवाजात नको तितका उत्साह होता.

मी वही उघडून बसले. पण त्या दिवसापासून मी त्या दोघांकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले.

त्या माडीवर आम्ही एक खेळ घडवत होतो. पट नसलेला, बोलण्यावर चालणारा. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं आणि त्याच्या वतीनं बोलायचं. एकानं सूत्रधार व्हायचं आणि नदी, गाव, शत्रू, पाऊसवारा सगळं आपल्या तोंडून उभं करायचं. जमेल की नाही असा प्रसंग आला की फासे टाकायचे. सूत्रधार अल्ताफ. बसवराज हिरेमठ, म्हणजे आमचा बसू, तलवारबाज. सन्मती मांत्रिक. आणि मी नियम लिहायचे, म्हणून बसू मला मास्तरीण म्हणायचा. मंत्रही माझेच होते. माझी आई पोळ्या लाटताना ओव्या म्हणायची, त्या चालीवर मी ते बांधले होते. अंधारात वाट दाखवायचा मंत्र असा होता:

उजळ रे दिव्या आता, वाट काळोखी झाली फार
माझ्या बंधवाच्या पायी, नको टोचू दे अंधार

पहिल्या पहिल्या खेळांत मांत्रिक नुसता मंत्राचं नाव घ्यायचा, फासे टाकायचा आणि शत्रू आडवे. बसू वैतागायचा. “मी तलवार घेऊन आलोय का भाजी चिरायला? ह्यो एक फुंकर मारतो आणि लढाई खल्लास.” त्याचं खरंच होतं. मंत्राला काही मोल पडत नव्हतं. मग मी नियम केला: मंत्र मोठ्यानं म्हणायचा, एका दमात, न अडखळता. जीभ अडखळली तर मंत्र वाया, आणि ती पाळीही गेली. बसू खूश झाला. संकटाच्या वेळी दोन ओळी सरळ म्हणणं सोपं नसतं. आम्ही एकेकानं करून पाहिलं तेव्हा बसू ‘बंधवाच्या’वर असा घसरला की पोट धरून हसलो.

सन्मती त्या दिवशी आला नव्हता. पुढच्या खेपेला आला तेव्हा अल्ताफनं फासे वाटता वाटता सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की मंत्र गाऊन म्हटला तरी चालेल. ओवीच आहे, गायलाच हवी. मलाही ते गोड वाटलं. सन्मती गायला, आणि आम्ही तिघंही फासे विसरलो. त्याचा आवाज पहाटेच्या विहिरीसारखा होता. खोल आणि न हललेला. एरवी हा माणूस मोजकं बोलणारा. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायचा आणि सूक्ष्मदर्शकाशी त्याचं जमायचं, असं बसू म्हणायचा. पण ओवी सुरू झाली की तो वेगळाच कुणी व्हायचा.

घोटाळा तिथूनच सुरू झाला. कारण गाणारा सन्मती कधी अडखळायचाच नाही. चाल शब्दाला हात धरून नेते. एका ओळीनं दुसरीला ओढायचं, जात्याच्या खुंट्यासारखं. त्याचा एकही मंत्र वाया गेला नाही आणि बसूची तलवार पुन्हा म्यानात गेली.

पुण्यात असे खेळ खेळणाऱ्यांचा मेळा भरायचा. तो भरवणाऱ्या अनघाताई एका लग्नासाठी सांगलीला आल्या होत्या. त्या एका दुपारी आमच्या माडीवर येऊन खेळल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की खेळ सुरेख आहे, असा मराठीत मी पाहिला नाही, पण तुमचा मांत्रिक हरतच नाही. ज्या खेळात एक जण हरूच शकत नाही, तो बाकीच्यांनी का खेळावा? हे निस्तरा, मग मेळ्यात मांडू.

मेळ्यात मांडायचा म्हणजे आमचा खेळ पहिल्यांदा त्या माडीवरून खाली उतरणार होता. माझ्या ओव्या परक्यांच्या तोंडी जाणार होत्या. मला दुसरं काही सुचत नव्हतं. गाण्याची सवलत काढली की तराजू समतोल होत होता; लहान मुलालाही दिसावं इतकं ते उघड होतं.

पण अल्ताफला ते दिसत नव्हतं. मी म्हटलं, गाणं काढू. तो म्हणाला, नको, मंत्र महाग करू. मी म्हटलं, मग गाणाऱ्याचे फासे कमी करू. तो म्हणाला, बघू. मी कारण विचारलं की तो काहीतरी वरवरचं बोलायचा, ओवीची शान वगैरे. अल्ताफ तसा हिशेबी खेळाडू, नियमाचा कीस काढणारा. तोच आता एका जागी आला की मऊ पडायचा, आणि ती जागा दर वेळी सन्मतीची असायची. त्यात मी जिन्यावर ते वाक्य ऐकलं.

बसूला विचारलं तर त्याचं उत्तर तयार होतं. “बालवाडीपासनं एका बाकावर बसलेत दोघं. आपल्याला कळू न देता वेगळा खेळ काढणार बघ. आपण ऱ्हाणार फासे पुसायला.” तो हे हसत म्हणाला, पण माझ्या मनात ते तसंच रुतून बसलं.

मग मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. मी आल्यावर दोघांचं बोलणं तुटायचं. खेळून झाल्यावर दोघं मागे रेंगाळायचे. सन्मती आपल्या मांत्रिकाचं नाव दर खेळाला वेगळं सांगायचा. कधी एक, कधी दुसरंच, आणि का म्हणून विचारलं की खांदे उडवायचा. मला वाटायचं, ज्याला आपल्या पात्राचं नावही एक ठेवायचं नाही, त्याला या खेळात राहायचंच नसणार. आपलं पात्र त्या वेगळ्या खेळासाठीच राखावं, असा विचार असणार. अनघाताई आल्या होत्या त्या दुपारी त्यांनी त्याला सरळ विचारलं होतं, तुम्ही गाणं कुठं शिकलात? त्यानं नुसतं हसून अल्ताफकडे पाहिलं, आणि उत्तर अल्ताफनं दिलं होतं.

शेवटी मी त्याच्या लॅबमध्ये गेले. दुपारची वेळ, काउंटरवर गर्दी नव्हती. तो आत काचपट्ट्या रचत होता. मला बघून बाहेर आला, हातातले मोजे काढले, आणि उभा राहिला. मी आढेवेढे घेतले नाहीत. म्हटलं, गाण्याची सवलत कुणी मागितली? तू की अल्ताफनं स्वतःहून दिली? आणि माझ्यापासून लपवण्यासारखं त्यात काय आहे?

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. पण मग तो म्हणाला, “असंच. बरं वाटतं.”

“कुणाला बरं वाटतं?”

तेवढ्यात एक बाई नमुन्याची बाटली घेऊन आल्या. सन्मती त्यांच्याकडे वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. तो मी नीट पाहिला. तिथून परत येताना माझ्या मनात शंका उरली नव्हती. होती ती खात्री. फक्त ती कशाची, ते मला सांगता आलं नसतं.

मेळ्याआधीच्या रविवारी शेवटची चाचणी होती. मी जाहीर केलं की आज गाणं नाही. मंत्र म्हणायचा, सरळ, बोलून. जे होईल ते बघू आणि तेच नियमात जाईल.

अल्ताफनं समोरचे फासे बाजूला सारले. “मग सूत्रधार दुसरा बघ.”

बसू आडवा पडून भोपळ्याला टेकला होता, तो उठून बसला. मी म्हटलं, एका नियमापायी तू खेळ मोडणार असशील तर मला निदान कारण कळू दे. अल्ताफ माझ्याकडे बघत राहिला. मला त्या क्षणी वाटलं, आता हा खरं बोलेल आणि मग या माडीवर आम्ही पुन्हा कधी बसणार नाही.

“चालेल,” सन्मती म्हणाला.

अल्ताफनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. सन्मतीनं फासे उचलून परत त्याच्यासमोर ठेवले, एकेक करून, आणि पुन्हा म्हणाला, “खेळू. चालेल.”

अल्ताफनं खेळ सुरू केला, पण त्याचा आवाज कोरडा होता. नदीकाठचं गाव, वरच्या अंगाला फुटलेला बांध. पाणी वेशीत आलं. पाणी पिंपळाच्या पारावर चढलं. बसूचा तलवारबाज शाळेच्या छपरावर अडकला होता आणि त्याच्यासोबत गावातली पोरं. तलवारीनं पाणी कापता येत नाही, असं बसू स्वतःच म्हणाला. आता मांत्रिकाची पाळी. नदी थोपवायचा मंत्र सगळ्यात मोठा, त्या खेळात तो एकदाच म्हणता यायचा:

थांब गं नदीबाई, नको ओलांडू उंबरा
दारी रांगतं लेकरू, त्याच्या पायाला घुंगरा

सन्मतीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. श्वास घेतला. आणि काहीच झालं नाही.

त्याचे ओठ किंचित उघडे होते, जीभ दातांना टेकलेली. डोळे हळूहळू मिटत गेले, घट्ट. मानेवर ताण आला. खाली कुणीतरी तार छेडली आणि तिचा झंकार विरून जाईपर्यंत आम्ही त्याच्याकडे बघत होतो.

“थ्‌,” तो म्हणाला. “थ्‌. थ.”

बसू हसला. त्याला वाटलं, सन्मती नियमाची टिंगल करतोय. म्हणाला, “आरारा, मांत्रिकाला हुडहुडी भरली.” मग त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं, आणि हळूच उतरलं.

“थ... थांब.” तो शब्द असा आला की जणू कुणीतरी बंद दार खांद्यानं ढकललं. “थांब गं न्‌... न... नदी...”

अल्ताफ गुणगुणायला लागला. अगदी खालच्या सुरात, ओवीची चाल, नुसती चाल. बोट धरायला पुढे करावं तशी. सन्मतीनं डोळे न उघडताच हात वर केला, तळवा अल्ताफच्या बाजूला. अल्ताफचं गुणगुणणं थांबलं.

मग तो तसाच बोलत गेला. एकेका अक्षराशी झुंजत, मध्ये थांबत, पुन्हा मागे येऊन तेच अक्षर उचलत. ‘दारी’पाशी त्याच्या कपाळावर घाम फुटला. ‘लेकरू’ सरळ आलं. ‘पायाला’ला त्याला इतका वेळ लागला की माझ्या स्वतःच्या ओठांवर तो शब्द येऊन उभा राहिला, आणि मी दात मिटून घेतले. मी लिहिलेल्या दोन ओळी. आईच्या पोळपाटापाशी त्या इतक्या सहज फिरायच्या, आणि इथं प्रत्येक शब्द चढणीवरून वर ओढून आणला जात होता. तो शेवटपर्यंत गेला. ‘घुंगरा’ म्हणून थांबला आणि डोळे उघडले.

फासे कुणी टाकायचे होते तेही कुणाला आठवेना.

“थांबली,” अल्ताफ म्हणाला. “नदी थांबली. सूत्रधार मी आहे.”

“थांबली की,” बसू घाईनं म्हणाला. “मी बघितली. छपरावरनं दिसली मला.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. नियम माझा होता. माझ्या घशात शब्द तयार होता. एवढा मोठा मंत्र अख्खा म्हटला, मग थांबली म्हणायला काय हरकत होती?

“न-नाही थांबली,” सन्मती म्हणाला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण नजर सरळ माझ्यावर होती. “अडखळला तर मंत्र व-वाया. लिहिलंयस तू. पुढं चला. बसू, तुझी प-पाळी.”

अल्ताफनं काही बोलायला तोंड उघडलं, आणि सन्मतीनं फासे बसूच्या हातात दिले.

मग नदी आली. अल्ताफला ती आणावी लागली. पाणी छपराला लागलं, कौलं सुटायला लागली. बसू इकडेतिकडे बघत राहिला, मग म्हणाला, की तो तलवार फेकून देतो. कमरेचा शेला सोडतो. सगळ्यात लहान पोरगी पाठीवर बांधतो आणि बाकीच्यांना म्हणतो, एकमेकांचे हात सोडू नका. तो पोहायला लागला. त्याचे फासे पडत होते. एक वाईट, एक बरा, एक चांगला. मधल्या धारेत एक पोरगं हातातून सुटलं, तेव्हा बसूचा आवाज खराच चिरकला. त्यानं मागे वळून बुडी मारली. अल्ताफ पाण्याचं वर्णन करत होता आणि आता त्याचा आवाज कोरडा राहिला नव्हता. सन्मती पुढे झुकून बसला होता, मुठी आवळून. शेवटचा फासा गडगडत भोपळ्यापाशी गेला आणि आम्ही चौघंही गुडघ्यांवर तो बघायला धावलो.

पोरगं काठाला लागलं.

बसू पालथा पडला आणि म्हणाला, “मेलो मी.” मग कोपरावर उठला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या गड्याला काम मिळालं होतं. त्याचा श्वास अजून खालीवर होत होता, आणि सगळे हसलो, सन्मतीसुद्धा.

हळूहळू हसू ओसरलं. खालची तार एव्हाना लागली असावी. नुसता घासकाम चालल्याचा आवाज येत होता. अल्ताफ फासे गोळा करत होता, मान खाली घालून.

बसूलाच राहवलं नाही. तो सरकत सन्मतीच्या शेजारी जाऊन बसला, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि टिंगलीचा मागमूसही नसलेल्या आवाजात म्हणाला, “मर्दा, वर्ष झालं की रं एकत्र बसतोय. सांगायचं हुतंस की.”

सन्मतीनं अल्ताफकडे पाहिलं. अल्ताफ बोलायला सरसावला, तेव्हा त्यानं मान हलवली. नको. मी बोलतो. मग तो थांबला. आम्हीही थांबलो. कुणीही त्याच्या तोंडात शब्द घातला नाही.

“लहानपणापासून आहे,” तो म्हणाला. “ग-गाताना होत नाही. मांत्रिकाचं नाव म्हणूनच बदलायचो, त्या दिवशी जे स-सहज तोंडात येईल ते. यालाच म-माहीत होतं. मीच म्हटलं त्याला, कुणाला सांगू नकोस. माझ्यासाठी स-सवलत नको. करायचा तर सगळ्यांसाठी नियम कर.” तो माझ्याकडे वळला. “लॅबमध्ये आलीस तेव्हा स-सांगणार होतो.”

“मग का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

त्याला वेळ लागला. पहिलं अक्षर दोनदा येऊन परत गेलं. पण यावेळी त्यानं डोळे मिटले नाहीत.

“सांगितलं असतं,” सन्मती म्हणाला, “तर आज तुम्ही न... नदी थांबवली असती.”